सायलेंट हिल २ : धुकं शाबूत ठेवून कसा खेळावा

'सायलेंट हिल २' हा धुक्यात बुडालेल्या शहरातला भयकथेचा व्हिडिओ गेम. २०१२ मध्ये त्याची नव्या, स्पष्ट चित्रांची आवृत्ती 'सायलेंट हिल एचडी कलेक्शन'मधून आली आणि चाहत्यांचा संताप सगळ्यात आधी उसळला तो धुक्यावरून. तो संताप समजून घेतला की कोणती आवृत्ती घ्यायची, हा प्रश्न अर्धा सुटतो.

२००१ च्या मूळ गेममध्ये धुकं दोन कामं करायचं. लांबचं शहर रंगवण्याचं ओझं प्लेस्टेशन २ वर पडू द्यायचं नाही आणि खेळणाऱ्याला काही पावलांपलीकडचं दिसू द्यायचं नाही. एचडी आवृत्ती करणाऱ्यांच्या हाती पूर्ण झालेल्या गेमचा सोर्स कोड (मूळ प्रोग्राम) आलाच नाही, मधल्या टप्प्यातल्या कोडवर काम करावं लागलं. धुकं विरळ झालं, आणि जे दिसण्यासाठी कधी बनवलंच नव्हतं ते उघडं पडलं. होडीच्या प्रसंगात तर सरोवराचं पाणी जिथे संपतं ती कडही दिसते. भरीला आवाज मागेपुढे होणं आणि एका पाटीवरचा विसंगत फॉन्ट. दुरुस्तीचा पॅच फक्त प्लेस्टेशन ३ ला मिळाला, एक्सबॉक्स ३६० चा रद्द झाला. पहिल्यांदा खेळणार असाल तर ही आवृत्ती घेऊ नका.

उरतात तीन वाटा. प्लेस्टेशन २ ची डिस्क असेल तर कन्सोलवर किंवा पीसीएसएक्स२ या एम्युलेटरवर (संगणकावर कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम) चालवा. एम्युलेटरला बायोस, म्हणजे कन्सोलचं मूळ सॉफ्टवेअर, लागतं, ते स्वतःच्याच कन्सोलमधून काढायचं. कन्सोल सपाट टीव्हीला जोडताना पिवळ्या-लाल-पांढऱ्या केबलऐवजी कंपोनंट केबल वापरा, नाहीतर अंधारातल्या खोल्या नुसत्या चिखलासारख्या दिसतात. २००१ च्या पहिल्या डिस्कवर मारिया या पात्राचं छोटं प्रकरण, 'बॉर्न फ्रॉम अ विश', नाही. ते नंतरच्या 'डायरेक्टर्स कट'मध्ये मिळतं. दुसरी वाट ब्लूबर टीमच्या ऑक्टोबर २०२४ च्या रिमेकची. ट्रेलर पाहून नाकं मुरडणाऱ्या अनेकांनी हातात आल्यावर त्याचं मनापासून कौतुक केलं, आणि ते योग्यच होतं. पण कॅमेरा खांद्यामागे आला, मारामारी वाढली, लांबी जवळपास दुप्पट झाली. तो उत्तम गेम आहे, फक्त मूळचा पर्याय नाही. मूळ आधी खेळा.

तिसरी वाट पीसीची, आणि आज सगळ्यात चांगली तीच. मूळ पीसी पोर्ट (पीसीसाठी केलेली आवृत्ती) सदोष होता: धूसर व्हिडिओ, दाबलेला आवाज, बिघडलेलं धुकं आणि सावल्या. चाहत्यांनी वर्षानुवर्षं खपून त्याची 'एनहान्स्ड एडिशन' केली. ती फुकट आहे, पण मूळ गेमच्या फाइल्स तुमच्याकडे हव्यात.

बसवण्याचा क्रम

१. मूळ गेम इन्स्टॉल करा आणि त्याचं फोल्डर 'प्रोग्राम फाइल्स'च्या बाहेर हलवा, थेट सी ड्राइव्हवर चालेल. सेव्ह गेमच्याच 'डेटा' फोल्डरात लिहिले जातात. 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये विंडोज लिहिण्याची परवानगी अडवतं आणि मग सेव्ह गायब झाल्यासारखे वाटतात.

२. आधी कुठली वाइडस्क्रीन दुरुस्ती किंवा दुसरी मॉड (चाहत्यांनी केलेला बदल) टाकली असेल तर ती पूर्ण काढा. जुनी 'डी३डी८.डीएलएल' फाइल राहिली की नवीशी भांडते आणि गेम उघडताच बंद होतो. शंका असेल तर कोऱ्या इन्स्टॉलपासून सुरुवात करा.

३. प्रकल्पाच्या स्वतःच्या साइटवरून सेटअप टूल घ्या, गेमची 'ईएक्सई' फाइल आहे त्याच फोल्डरात ठेवून चालवा. सगळे घटक निवडा: मॉड्यूल, आवाज, व्हिडिओ, चित्रं. डाउनलोड काही जीबींचं आहे, तेव्हा वायफाय धड असू द्या. मध्येच तुटलं तर तेच टूल पुन्हा चालवलं की दुरुस्ती करतं.

४. अँटिव्हायरसने डीएलएल उचलून क्वारंटाइनमध्ये टाकली तर मॉड बसल्यासारखी दिसते, पण गेम जुनाच चालतो. या फोल्डरला अपवाद म्हणून जोडा.

५. आवाज एकाच तुकड्यावर अडकून गेम गोठत असेल तर दोष प्रोसेसरच्या अनेक कोअर्सचा आहे. २००२ च्या या पोर्टला ते झेपत नाहीत. कॉन्फिगरेशन टूलमध्ये एकाच कोअरवर चालवण्याचा पर्याय चालू आहे ना, ते पाहा.

खेळायला बसताना

हेडफोन लावा, ही सूचना सगळ्यात महत्त्वाची. गेमचे संगीतकार अकिरा यामाओकांनी संगीताइतकीच मेहनत आवाजांवर घेतली आहे. वूड साइड अपार्टमेंट्सच्या २०९ क्रमांकाच्या खोलीतली अस्पष्ट कुजबुज स्पीकरवर हरवून जाते, आणि तिचे शब्द काय यावर चाहते कितीतरी वर्षं वाद घालत आले आहेत. पडद्यावरचा खरखरीत दाणा, म्हणजे नॉइज फिल्टर, काढू नका. त्याच्याशिवाय चेहरे प्लास्टिकचे वाटतात.

ऑप्शन्समध्ये नियंत्रणाचे दोन प्रकार आहेत. ३डी प्रकारात पुढे दाबलं की जेम्स, म्हणजे तुम्ही चालवता तो नायक, त्याचं तोंड असेल तिकडे जातो, २डी प्रकारात कॅमेऱ्याच्या हिशेबाने. आजच्या गेमची सवय असेल तर २डी घ्या. मात्र कॅमेरा बदलताच दिशाही बदलते आणि जेम्स आल्या पावली मागे वळतो. अरुंद बोळात त्याचा त्रास होतो, तिथे ३डी बरा.

ॲक्शन आणि रिडल यांची काठिण्यपातळी वेगवेगळी निवडता येते. पहिल्या फेरीला दोन्ही नॉर्मल ठेवा. रिडल हार्डमधली कोडी वळणदार इंग्रजी कवितांत आहेत. भाषेची आवड असेल तर दुसऱ्या फेरीत त्यांच्यासारखी मजा नाही.

रस्त्यावर भांडत बसू नका, पळा. टॉर्च बंद केला तर राक्षसांचं लक्ष कमी जातं. खाली पडलेला राक्षस मेला असं समजू नका, त्याला लाथ घालून संपवावं लागतं. राक्षस जवळ असताना होणारी रेडिओची खरखर थांबली की काम झालं. गाडीत अडकलेला लोखंडी पाइप मिळताच हातातली फळी सोडून तो वापरा, गोळ्या बॉससाठी, म्हणजे मोठ्या राक्षसांसाठी, राखा. जिन्यातल्या पहिल्या मोठ्या झुंजीत नवखे खेळाडू सगळ्या गोळ्या उधळतात. ती झुंज वेळ काढला तरी संपते, कोपऱ्यात न अडकता फिरत राहा. हॉटेलात कर्मचाऱ्यांची लिफ्ट वजनामुळे अडेल, तिथे शेजारच्या कपाटात सगळं सामान ठेवायचं आहे, टॉर्च आणि रेडिओसुद्धा. अनेकजण इथे गेम बिघडला समजून जुना सेव्ह उघडतात.

जेम्सचं अडखळत बोलणं पहिल्या तासात विचित्र वाटेल. गाय सिहींचा तो आवाज आहे, आणि एचडी आवृत्तीत नवे कलाकार आले तेव्हा मूळ आवाज ऐकण्याचा पर्यायही ठेवावा लागला. शेवटापर्यंत ऐका, मग त्या अडखळण्याचा अर्थ लागतो.

पहिली फेरी संपेपर्यंत पुढचं वाचू नका

या गेममध्ये शेवट निवडण्याचा प्रश्न कुठेच येत नाही. तुम्ही कसे वागता ते तो गुपचूप मोजतो, आणि सगळी खुबी त्यातच आहे. 'इन वॉटर' या शेवटासाठी अँजेला या पात्राचा चाकू इन्व्हेंटरीत (जवळच्या सामानाच्या यादीत) पुन्हा पुन्हा निरखा, रुग्णालयाच्या गच्चीवरची डायरी वाचा आणि बराच काळ जखमी अवस्थेतच फिरा. 'लीव्ह'साठी उलट: जखम होताच औषध घ्या, मेरीचा, म्हणजे जेम्सच्या बायकोचा, फोटो आणि तिचं पत्र उघडून पाहा. 'मारिया' या शेवटासाठी मारियाच्या जवळ राहा, तिला मार बसू देऊ नका, आणि रुग्णालयात तिला एस३ खोलीत सोडल्यावर परत जाऊन चौकशी करा. फोटो आणि पत्राला मात्र हात लावू नका.

हवा तो शेवट न येण्याचं कारण बहुधा एकच असतं: सवयीने औषध घेत राहणं. नकळत 'लीव्ह'चं पारडं जड होत जातं. 'इन वॉटर' हवा असेल तर औषधाचं बटण विसरा.

शेवटच्या लांब कॉरिडॉरमध्ये मेरीचं बोलणं ऐकू येतं. 'लीव्ह' हवा असेल तर दारापाशी थांबून ते पूर्ण होऊ द्या, 'मारिया' हवा असेल तर मधेच दार उघडा. त्याआधी वेगळ्या जागी सेव्ह करून ठेवा.