ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात शाळेची सहल कशी आखावी

नवी मुंबईतील ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात विद्यार्थ्यांना न्यायचे असेल, तर प्रथम भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे, कारण ठाणे खाडीतील बोटफेरी भरतीच्या पाण्यावर अवलंबून असते आणि भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. हे गणित मुलांनाच करू द्यावे. सहलीचा खरा अभ्यास तिथूनच सुरू होतो. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहण्यासाठी जानेवारी ते मार्च हा काळ निवडावा आणि नोंदणी आगाऊ करावी. 2015 साली अभयारण्य व 2022 साली रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून घोषित झालेल्या या ठाणे खाडीत तिवरांची मुळे चिखलातून वर का डोकावतात, हा प्रश्न वर्गातच विचारून ठेवावा. चिखलात प्राणवायू अपुरा असतो, हे उत्तर मात्र मुलांनी तर्क लढवल्याशिवाय सांगू नये. शक्य असल्यास जवळच्या कोळीवाड्यातील एखाद्या जाणत्या मच्छीमारालाही मुलांशी बोलण्यासाठी आवर्जून बोलवावे.