प्रदूषणभार न वाढवता उत्पादनबदल : सवलत कशी मिळवावी आणि कशी टिकवावी

रासायनिक कारखान्याला बाजाराची मागणी काही महिन्यांत बदललेली दिसते, परंतु त्याच्या पर्यावरण मंजुरीत उत्पादनांची नावे आणि टनांचे आकडे ठरलेले असतात. एखादे नवे इंटरमीडिएट (अंतिम मालाच्या आधीचे मधले रसायन) घ्यायचे, जुने बंद करायचे किंवा आहे त्याच रिअॅक्टरमध्ये जास्त माल काढायचा, तरी 2006 च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेनुसार पूर्वी नव्या मंजुरीचा लांबचा मार्ग धरावा लागे. 2016 मध्ये उत्पादन-मिश्रणातील बदलांपुरती थोडी मोकळीक मिळाली आणि 2 मार्च 2021 च्या सुधारणेने ती रुंदावली. अधिसूचनेच्या अनुसूचीत 2 ते 5 या क्रमांकांखाली येणाऱ्या प्रक्रिया व उत्पादन उद्योगांना, प्रदूषणभार (बाहेर पडणाऱ्या प्रदूषकांचे एकूण वजन) वाढत नसेल तर, अशा बदलांसाठी पुन्हा पूर्वमंजुरी घ्यावी लागत नाही. ही सवलत म्हणजे एक देवघेव आहे. सरकार प्रक्रियेतील अडथळा काढते आणि त्याच्या बदल्यात कारखान्याने प्रदूषण उगमापाशीच रोखल्याचे आकड्यांनी सिद्ध करायचे असते. ते कसे करावे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. काम सुरू करण्यापूर्वी अधिसूचनेचा सध्या लागू असलेला मजकूर पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर पाहून घ्यावा, कारण तिच्यात वारंवार सुधारणा होतात.

पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे आधाररेषा, म्हणजे तुलनेसाठीचा सुरुवातीचा भार, निश्चित करणे. त्यासाठी पर्यावरण मंजुरीचे पत्र, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे चालू संमतीपत्र (कारखाना चालवण्याची परवानगी), गेल्या किमान एका वर्षाच्या ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) नोंदवह्या, पाण्याच्या मीटरच्या नोंदी, इंधनाची बिले, मंडळाने तपासणीसाठी घेतलेल्या (जेव्हीएस) नमुन्यांचे अहवाल, दर 30 सप्टेंबरपर्यंत द्यावयाचे पर्यावरण विवरणपत्र आणि घातक कचऱ्याचे 30 जूनपर्यंतचे वार्षिक विवरणपत्र एकत्र करावे. मग प्रत्येक घटकासाठी तीन रकाने मांडावेत : मंजुरीतील भार, संमतीपत्रातील भार आणि प्रत्यक्ष भार. केवळ तीव्रता लिहून भागत नाही. सांडपाण्याचे घनमीटर आणि मिलिग्रॅम प्रतिलिटर यांचा गुणाकार करून त्याला 1000 ने भागले की किलो मिळतात, आणि तुलना किलोंचीच करायची असते. कोळशाचेही तसेच आहे. दिवसाला 10 टन कोळसा जळत असेल आणि त्यात 0.5 टक्के गंधक असेल, तर सुमारे 100 किलो सल्फर डायऑक्साइड तयार होतो.

यातील तिसरा रकाना अनेक कारखाने टाळतात, आणि माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे. सवलतीसाठी लागणाऱ्या ‘वाढ नाही’ प्रमाणपत्रासाठीची तुलना साधारणपणे मंजूर भाराशी केली जाते. समजा, ईटीपीत येणाऱ्या सांडपाण्यासाठी दिवसाला 100 घनमीटर आणि प्रतिलिटर 5000 मिलिग्रॅम सीओडी (पाण्यातील द्रव्यांच्या ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन, प्रदूषणाचे एक माप) असा हिशेब मंजुरीत धरलेला आहे, म्हणजे दिवसाला 500 किलो. कारखाना प्रत्यक्षात 60 घनमीटर सांडपाणी त्याच तीव्रतेने काढत असेल, तर खरा भार 300 किलो होतो. नव्या उत्पादनाने तो 450 किलोंवर गेला तरी कागदोपत्री वाढ शून्य दिसते, प्रत्यक्षात मात्र तो दीडपट झालेला असतो. लोट्याच्या रासायनिक वसाहतीजवळच्या वाशिष्ठी नदीच्या किंवा महाडच्या सावित्री नदीच्या पाण्यावर मासेमारी करणाऱ्या कुटुंबांच्या वाट्याला प्रत्यक्ष भारच येतो. म्हणून कायद्याने मंजूर आकडा चालत असला तरी कारखान्याने स्वतःची मर्यादा प्रत्यक्ष भारावर बांधावी, असा माझा आग्रह आहे.

हा वाद आपल्याकडे नव्याने उपजलेला नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1995 मध्ये ‘प्रोजेक्ट एक्सएल’ सुरू केला, तेव्हा नियमांत लवचिकता आणि बदल्यात नियमांहून सरस कामगिरी असाच सौदा मांडला होता. मिनेसोटातील हचिन्सन येथील थ्रीएम कंपनीच्या प्रस्तावावरील बोलणी 1996 मध्ये फिसकटली. कंपनीने आधीच स्वेच्छेने उत्सर्जन नियमाच्या बरेच खाली आणलेले होते, आणि सरस कामगिरी नेमकी कशाच्या तुलनेत मोजायची यावर एकमत झाले नाही. व्हर्जिनियातील एल्क्टन येथील मर्कच्या औषध कारखान्याचा करार मात्र 1997 मध्ये झाला. तिथे कोळशाचे बॉयलर नैसर्गिक वायूवर नेण्यात आले आणि संपूर्ण कारखान्याच्या उत्सर्जनावर पूर्वीच्या प्रत्यक्ष आधाररेषेहून 20 टक्के खाली मर्यादा घालण्यात आली. त्या मर्यादेच्या आत प्रत्येक बदलासाठी वेगळा परवाना मागण्याची गरज उरली नाही. आपली आधाररेषा ठरवताना हे दोन्ही प्रसंग समोर ठेवावेत.

आधाररेषा झाल्यावर प्रत्येक प्रस्तावित उत्पादनाचा वस्तुमान-ताळेबंद, म्हणजे आत गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या मालाच्या वजनाचा हिशेब, मांडावा. बॅचमध्ये किती कच्चा माल गेला, त्यातील किती मालात उतरला, किती मदर लिकरमध्ये (माल वेगळा काढल्यावर उरलेल्या द्रावात), किती धुण्याच्या पाण्यात, किती सॉल्व्हंटच्या वाफेत आणि किती गाळात गेला, हे पायलट (छोट्या चाचणीच्या) बॅचवर मोजून लिहावे. पुस्तकात दिलेल्या उत्पादनाच्या उताऱ्यावर (यील्डवर) विसंबू नये. अनेक उत्पादने आलटूनपालटून घ्यायची असतील, तर सर्वांत जास्त भार देणाऱ्या जोडीवर हिशेब करावा, सरासरीवर करू नये.

भार कमी करण्याची खरी जागा ईटीपीत नसून प्रक्रियेत आहे. रंगद्रव्यांची इंटरमीडिएट बनवणाऱ्या कारखान्यात नायट्रो गटाचे क्षपण लोखंडाचा भुगा आणि आम्ल वापरून होत असेल, तर लोहयुक्त गाळाचे ढीग साचतात. तिथे उत्प्रेरकी हायड्रोजनेशन (उत्प्रेरकाच्या मदतीने हायड्रोजन वायूने क्षपण) आणले तर तो गाळ निर्माणच होत नाही. त्यासाठी हायड्रोजनच्या सुरक्षेचा खर्च करावा लागतो, आणि तो नीट केला नाही तर हा बदल मुळीच करू नये. केक (गाळून उरलेला घन माल) एकदाच भरपूर पाण्याने धुण्याऐवजी शेवटच्या धुण्याचे पाणी पुढच्या बॅचच्या पहिल्या धुण्याला वापरावे. स्टीम जेट किंवा वॉटर रिंग पंपाच्या जागी ड्राय व्हॅक्यूम पंप बसवला की निर्वातासाठीच्या पाण्यात सॉल्व्हंट मिसळत नाही, आणि त्याच्यामागे थंड ब्राइनचा (मिठाच्या द्रावणाचा) दुय्यम कंडेन्सर जोडला की सॉल्व्हंट परत मिळतो. रिअॅक्टर धुण्याचे प्रमाण उत्पादनांचा क्रम नीट लावूनही घटते. फिकट रंगाचा माल आधी आणि गडद नंतर घेणे, ही शॉपफ्लोअरवरच्या कामगारांना ठाऊक असलेली गोष्ट नियोजनात मात्र क्वचितच उतरते, म्हणून ताळेबंद मांडताना त्यांना सोबत बसवावे.

जास्त क्षारांचा आणि जास्त सीओडीचा प्रवाह वेगळा काढून एमईईत (पाणी टप्प्याटप्प्याने आटवणाऱ्या बाष्पकात) नेणे अनेकदा अपरिहार्य असते, परंतु त्याला प्रदूषण-प्रतिबंध म्हणू नये. एमईईला वाफ लागते, वाफेला इंधन लागते आणि मागे उरलेला क्षार तळोजा किंवा रांजणगाव येथील घातक कचरा केंद्रात जातो. पाण्यातील भार अशा वेळी हवेत आणि जमिनीवर सरकलेला असतो. म्हणूनच ‘वाढ नाही’ हे विधान प्रत्येक घटकासाठी स्वतंत्रपणे खरे ठरले पाहिजे : पाण्याचा वापर, सांडपाणी, सीओडी, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार व घनद्रव्ये), धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, प्रक्रियेतील आम्लवायू, सॉल्व्हंटची हानी आणि घातक कचऱ्याचा प्रत्येक प्रवर्ग. सीओडी घटला म्हणून टीडीएसच्या वाढीकडे दुर्लक्ष करता येत नाही. त्याचप्रमाणे नव्या रसायनाची विषारीता सीओडीच्या आकड्यात दिसत नाही, म्हणून जुन्या उत्पादनाहून अधिक विषारी द्रव्य येत असेल तर ते अहवालात स्पष्ट नोंदवावे, मग तक्ता कितीही अनुकूल असो.

यानंतरची कार्यपद्धती तुलनेने सोपी आहे. केंद्रीय मंत्रालय, केंद्रीय मंडळ किंवा राज्य मंडळ यांच्या सूचीतील पर्यावरण लेखापरीक्षकाकडून किंवा संस्थेकडून ‘प्रदूषणभारात वाढ नाही’ हे प्रमाणपत्र घ्यावे, विहित नमुन्यात ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावे आणि परिवेशवर चढवून पोच घ्यावी. पर्यावरण मंजुरीतून सूट मिळाली तरी 1974 चा जल कायदा आणि 1981 चा हवा कायदा यांखालील संमती सुटत नाही. संमतीपत्रात दुरुस्ती होऊन हाती येईपर्यंत नव्या उत्पादनाची व्यावसायिक बॅच घेऊ नये.

मंडळाने पडताळणीत भार वाढल्याचे ठरवले, तर सूट टिकत नाही आणि बदल करण्यापूर्वीच मंजुरी घेणे बंधनकारक होते असे मानले जाते. त्यामुळे प्रमाणपत्र मिळाल्यानंतरच्या नोंदी त्याआधीच्या नोंदींइतक्याच काटेकोर हव्यात. मर्कच्या करारात उत्सर्जन मर्यादेच्या जसजसे जवळ जाईल तसतशी मोजणी आणि अहवाल अधिक कडक करण्याची पायऱ्यांची व्यवस्था होती. तीच पद्धत इथे स्वतःहून लावता येते. ठरवलेल्या मर्यादेच्या तीन चतुर्थांशापर्यंत भार असेल तोवर आठवड्याचा हिशेब पुरे समजावा. त्यापुढे तो रोज काढावा, आणि नऊ दशांश ओलांडल्यावर पुढील बॅच उत्पादन व्यवस्थापक आणि पर्यावरण अधिकारी या दोघांच्या सहीशिवाय चढवू नये. ही सही बॅच कार्डवरच घ्यावी आणि बॅच कार्डे निदान संमतीपत्राच्या मुदतीपर्यंत जपून ठेवावीत.