इंजिन अडखळतंय? डिकोडर उघडण्याआधी रूळ तपासा: डीसीसीतल्या टाळता येण्याजोग्या चुका

गेल्या पावसाळ्यात माझ्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवरचं (टेबलावर मांडलेल्या छोट्या रुळांवरचं) एक डिझेल इंजिन ठरावीक वळणावर येऊन थांबायचं. दिवे लुकलुकायचे, आवाज तुटायचा आणि डिकोडर, म्हणजे इंजिनात बसवलेला हुकूम समजून घेणारा छोटा सर्किट बोर्ड, पुन्हा पहिल्यापासून इंजिन सुरू केल्याचा घरघराट करायचा. सलग दोन रात्री मी सीव्ही (डिकोडरच्या आतली क्रमांक दिलेली सेटिंग्ज) बदलत बसलो. तिसऱ्या दिवशी मल्टिमीटर लावला, तर एक रेल जॉइनर (दोन रुळांची टोकं जोडणारी धातूची पट्टी) सैल झालेला, आतून काळा पडलेला. त्यानंतर मित्रांच्या लेआउटवर जे जे बिघाड पाहिले, त्यातले बहुतेक असेच निघाले. सिस्टीम डिजिटल असली तरी रोग वायरीत, चाकात नाहीतर जोडणीत असतो.

याचं कारण डीसीसीच्या, म्हणजे वीज आणि डिजिटल हुकूम दोन्ही रुळांतूनच इंजिनाला पाठवणाऱ्या पद्धतीच्या, रचनेतच आहे. एचओ (1:87 प्रमाणाच्या) लेआउटच्या रुळांत साधारण 14 ते 15 व्होल्टचा चौकोनी लहरीचा प्रवाह सतत वाहतो आणि हुकूमही त्याच लहरीतून जातो. अर्धी लहर 58 मायक्रोसेकंदांची असेल तर तो ‘एक’, 100 च्या आसपास किंवा जास्त असेल तर ‘शून्य’. म्हणजे चाक रुळावरून क्षणभर जरी सुटलं तरी वीज आणि हुकूम दोन्ही एकदम तुटतात. साध्या डीसीवर (रुळातलं व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरवण्याच्या जुन्या पद्धतीत) तेच इंजिन फ्लायव्हीलच्या जोरावर ती जागा पार करून जातं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून ‘डीसीवर चालत होतं, मग डिकोडरच खराब’ असं म्हणण्याची घाई करू नका.

वायरिंग

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दोन वायरी एका जागी जोडून बाकीची वीज रेल जॉइनरच्या भरवशावर सोडणं. जॉइनर रूळ सरळ धरण्यासाठी असतो, वीज वाहून नेणं हे त्याचं काम समजू नका. टेबलाखालून दीड ते अडीच स्क्वेअर एमएमच्या दोन मुख्य वायरी फिरवा, शक्यतो लाल आणि काळी, आणि रंग कुठेही उलटा होऊ देऊ नका. दर मीटरभर अंतरावर अर्ध्या स्क्वेअर एमएमची वीतभर लांब वायर रुळाला सोल्डर करून मुख्य वायरीला जोडा. एक दिवसाचं काम आहे, पण पुढची कित्येक वर्षं सुखाची जातात.

मग नाण्याची चाचणी करा. बूस्टर (रुळांना वीज पुरवणारं यंत्र) चालू ठेवून एक नाणं दोन्ही रुळांवर आडवं टेकवा. बूस्टर तत्काळ बंद पडला पाहिजे. वर्तुळाच्या प्रत्येक तुकड्यावर, प्रत्येक सायडिंगच्या टोकाला हेच करा. एखाद्या जागी बूस्टर चालूच राहिला तर नाणं लगेच उचला. तिथे वायरीचा रोध इतका आहे की शॉर्ट झाल्याचं बूस्टरला कळतच नाही. 5 अँपिअरचा बूस्टर 14 व्होल्टवर 70 वॅट देतो. एवढी उष्णता घसरलेल्या एका बोगीत शिरली तर प्लॅस्टिकची बाजू वितळायला काही सेकंद पुरतात. ही चाचणी न करता पाहुण्यांना गाडी दाखवायला बसू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

रिव्हर्स लूपमध्ये, म्हणजे गाडी वळून उलट दिशेने त्याच रुळावर परत येते त्या फेऱ्यात, गाडी शिरताच शॉर्ट होतो, कारण डावा रूळ फिरून उजव्याला भेटतो. लूपच्या दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांत फट हवी आणि आतल्या भागाला ऑटो रिव्हर्सर (रुळांची जोडणी आपोआप उलटवणारं यंत्र). फटींमधलं अंतर मात्र सर्वांत लांब गाडीपेक्षा जास्त ठेवा. धातूची चाकं किंवा दिव्यांचे डबे एकाच वेळी दोन्ही फटी ओलांडू लागले, तर रिव्हर्सरचा काही उपयोग होत नाही.

रूळ आणि चाकं

मुंबई-कोकणच्या दमट हवेत लोखंडी रूळ गंजतातच. नवीन घेताना निकेल सिल्व्हरचेच घ्या. पॉलिश पेपरने रूळ घासू नका, त्या ओरखड्यांत मळ आणखी लवकर बसतो. आणि रूळ लख्ख करून चाकं तशीच ठेवली तर श्रम वाया. चाकांवरचा काळा थर पहिल्याच फेरीत परत रुळावर येतो.

डिकोडर बसवताना

मोटारच्या दोन्ही टोकांपैकी एकही चासीला टेकता कामा नये. जुन्या मॉडेलमध्ये एक कार्बन ब्रश थेट फ्रेमला लागलेला असतो. तो न सोडवता वीज दिली की डिकोडर गेलाच. डिकोडरच्या नारिंगी आणि राखाडी (मोटारच्या) वायर जोडण्याआधी मोटारचं प्रत्येक टोक आणि चाकं यांच्यात मल्टिमीटरने तपासा, बीप वाजता कामा नये. एलईडीला एक किलोओहमचा रेझिस्टर विसरू नका. काळी इन्सुलेशन टेप टाळा, उष्णतेने तिचा गोंद सुटतो. कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी टेप) बरी.

झाकण लावण्याआधी इंजिन प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (सेटिंग करण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर) ठेवून पत्ता, म्हणजे इंजिनाला हाक मारायचा क्रमांक, वाचून पाहा. तिथे विजेला मर्यादा असते, त्यामुळे जोडणी चुकली तरी डिकोडर वाचण्याची शक्यता असते. आणखी एक उपयोग आहे. डिकोडर ‘हो’ म्हणताना मोटारला बारीकसा झटका देतो आणि सिस्टीम तो प्रवाह मोजते. त्यामुळे वाचन होत नसेल तर आधी मोटारची वायर आणि चाकांचा मळ बघा.

घरी केलेली सिस्टीम

आयात केलेले सेट महाग पडतात, म्हणून आपल्याकडे अनेक जण अर्डुइनो मेगा (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) आणि त्यावर बसणारं मोटर शील्ड घेऊन डीसीसी-ईएक्स ही घरी बनवायची डीसीसी सिस्टीम करतात. उत्तम मार्ग आहे, मीही तो सुचवतो. पण जुन्या पद्धतीच्या मोटर शील्डवर ‘व्हीआयएन कनेक्ट’ची (शील्डची वीज अर्डुइनोला जोडणारी) रेघ कापायला विसरलात तर रुळाची वीज अर्डुइनोत शिरून बोर्ड जळू शकतो. दुसरं म्हणजे घरात पडलेला लॅपटॉपचा 19 व्होल्टचा चार्जर जोडू नका. शील्ड व्होल्टेज कमी करत नाही, जवळपास तेवढंच रुळावर जातं.

जुना डीसी पॉवर पॅक आणि डीसीसी एकाच रुळाला कधीही जोडू नका, मधल्या स्विचच्या भरवशावरही नको.

पत्ते आणि सीव्ही

नवीन डिकोडरचा पत्ता 3 असतो. दोन नवी इंजिनं एकदम रुळावर ठेवली तर दोन्ही एकत्र धावतात. काही स्टार्टर सेटमध्ये प्रोग्रॅमिंगचा हुकूम मुख्य रुळावरच जातो आणि तिथे उभ्या सगळ्या इंजिनांना एकच पत्ता बसतो. बाकीची इंजिनं आधी उचलून ठेवा.

दिवे लागतात, भोंगा वाजतो, पण इंजिन हलत नाही? सीव्ही 19 वाचा. कधीतरी दोन इंजिनं जोडून चालवली होती आणि ती जोडी सोडायची राहिली, असं हमखास निघतं. तिथे 0 लिहा.

क्षणभर शॉर्ट होऊन गेल्यावर इंजिन भरधाव सुटत असेल तर डिकोडरला आपण डीसीवर आहोत असं वाटलंय. सीव्ही 29 मध्ये डीसीची परवानगी बंद करा: 6 असेल तर 2, लांब (चार आकडी) पत्त्यासह 38 असेल तर 34.

सीव्ही 8 मध्ये 8 लिहिलं की बऱ्याच कंपन्यांचे डिकोडर मूळ स्थितीत येतात. हा उपाय सगळ्यात शेवटी, आणि तोही आपल्या डिकोडरचं माहितीपत्रक पाहून. त्यानंतर इंजिन जुन्या चार आकडी नंबरला ओ देणार नाही, 3 वर हाक मारा. मी प्रत्येक इंजिनामागे वहीचं एक पान ठेवतो. पत्ता, सीव्ही 2 ते 5, 29 आणि चाकं शेवटची कधी पुसली ती तारीख.