एएमटी गाडी झटके न देता कशी चालवावी

भारतात एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा मॅन्युअल गिअरबॉक्स, २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओमधून आली. तेव्हापासून एक तक्रार कायम आहे: गिअर बदलला की मान पुढे जाते. माझ्या मते यात गाडीचा दोष कमी, उजव्या पायाचा जास्त.

ही गाडी चालते ऑटोमॅटिकसारखी, पण आत नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि क्लचप्लेट असते. क्लच दाबणं आणि गिअर टाकणं एवढंच यंत्रणा करते. क्लच दाबलेला असेपर्यंत चाकांना ताकद मिळत नाही. मॅन्युअल गाडीत तेव्हा आपण ॲक्सिलरेटर सोडतोच. इथे मात्र दाबून धरतो.

ब्रेक दाबून ‘एन’मध्ये (न्यूट्रल) गाडी सुरू करा, ‘डी’ (ड्राइव्ह) टाका, ब्रेक सोडा. बहुतेक गाड्या आपोआप सरकू लागतात. मग हलकी रेस द्या. इंजिनचा आवाज चढला, आता गिअर पडणार असं वाटलं की पाय किंचित ढिला करा, गिअर पडल्यावर पुन्हा दाबा. पाय एकदम काढू नका, नाहीतर इंजिन गाडीला मागे खेचतं. थोड्याच दिवसांत कान आणि पाय जुळतात.

खरी परीक्षा घाटात. चढावर ट्रॅफिक तुंबलं की पुष्कळ जण रेस देऊन गाडी तोलून धरतात. त्यात क्लच अर्धवट घासत तापतो आणि जळका वास येतो. हिल होल्ड (चढावर गाडी क्षणभर रोखून धरणारी सोय) नसेल तर हँडब्रेक लावा. रेस देऊन गाडीने ओढ घेतली की मग सोडा. ‘डी’मध्ये गाडी सतत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये घुटमळत असेल तर ‘एम’मध्ये (मॅन्युअल, इथे गिअर आपण बदलतो) जाऊन दुसरा धरून ठेवा. खंडाळ्याचा घाट उतरून खोपोलीकडे येतानाही ‘एम’च बरा, इंजिनच वेग आवरतं. पेट्रोल वाचवायला ‘एन’ टाकून उतरणं हा निव्वळ वेडेपणा.

एसटीला ओव्हरटेक करायचं तर गिअर आधीच ‘एम’मध्ये खाली घ्या. ऐनवेळी पाय दाबलात तर गाडी क्षणभर विचार करते, आणि समोरून ट्रक येत असतो.

‘डी’ आणि ‘आर’ची (रिव्हर्स) अदलाबदल गाडी पूर्ण थांबल्यावरच.

बहुतेक एएमटीत ‘पी’ (पार्किंग) नसतो. पार्क करताना ब्रेक दाबून हँडब्रेक ओढा, चढावर ‘डी’ आणि उतारावर ‘आर’ ठेवून इंजिन बंद करा. पुढच्या वेळी गाडी सुरू झाली नाही तर मेकॅनिकला फोन करण्याआधी ‘एन’ टाकून, ब्रेक दाबून बघा.