यूट्यूब चालतं, मग मारिओ कार्ट का नाही? स्विचवरच्या कनेक्शन एररचं निदान

निन्टेन्डो स्विच या गेम कन्सोलवर यूट्यूब सुरळीत, ईशॉपही (निन्टेन्डोचं ऑनलाइन दुकान) उघडतंय, पण मारिओ कार्ट या शर्यतीच्या गेमच्या लॉबीत खेळाडू जमू लागले की एरर येतो आणि तुम्ही बाहेर. अशा वेळी बरेच जण नेटवाल्याला फोन करून प्लॅन वाढवून घेतात. ते पैसे फुकट जातात. निन्टेन्डो स्विचला ऑनलाइन खेळायला डाउनलोड ३ एमबीपीएस आणि अपलोड १ एमबीपीएस पुरतं. साध्यातल्या साध्या फायबर प्लॅनमध्येही याच्या कितीतरी पट मिळतं.

अडचण असते ती वाटेत. मारिओ कार्ट ८ डिलक्स, स्प्लॅटून ३, स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट या गेममध्ये खेळाडूंचे कन्सोल थेट एकमेकांशी बोलतात. म्हणजे अनोळखी कन्सोलकडून आलेला डेटा तुमच्या राउटरने आत सोडायला हवा. यूट्यूबचं तसं नाही. तिथे मागणी तुमच्याकडून जाते आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं, त्यामुळे राउटर आडवा येत नाही.

एरर आला की ‘ओके’ दाबायच्या आधी आकडा टिपून घ्या. २११०-३१२७ आला तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) गंडलाय. सिस्टिम सेटिंग्ज, इंटरनेट, इंटरनेट सेटिंग्ज, तुमचं नेटवर्क, चेंज सेटिंग्ज असं जाऊन डीएनएस ‘मॅन्युअल’ करा आणि ८.८.८.८ व ८.८.४.४ भरा. २६१८-०५१६ म्हणजे वर सांगितलेलीच अडचण, अर्थात नॅट: घरातल्या सगळ्या यंत्रांना एकाच आयपीमागे (इंटरनेटवरच्या पत्त्यामागे) ठेवणारी राउटरची व्यवस्था. आणि २१२४-४००७ दिसला तर राउटरला हात लावू नका. त्या कन्सोलवर निन्टेन्डोनेच ऑनलाइन बंदी घातलेली असते. सेकंडहँड स्विच घेताना पैसे देण्याआधी तिथल्या तिथे फोनच्या हॉटस्पॉटवर ईशॉप उघडून बघा, ते यासाठीच.

आकडा यापैकी कुठलाही नसेल तर आधी पॉवर बटण ३ सेकंद दाबून धरा, पॉवर ऑप्शन्समधून रीस्टार्ट करा. नुसतं झोपवून उठवणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. निन्टेन्डोच्या साइटवर नेटवर्क मेंटेनन्स चालू आहे का, तेही बघून घ्या.

मग सिस्टिम सेटिंग्ज, इंटरनेट, टेस्ट कनेक्शन. अर्ध्या-एक मिनिटात निकाल येतो. सगळ्यांची नजर स्पीडवर जाते; तुम्ही ‘नॅट टाइप’ची ओळ वाचा. तिथे ए किंवा बी असेल तर राउटरची वाट मोकळी आहे. सी असेल तर काही खेळाडूंशी जुळेल, काहींशी नाही. डी असेल तर बहुतेकांशी जुळणारच नाही. एफ आला तर यूडीपी वाहतूकच (गेमचा डेटा ज्या पद्धतीने जातो ती) कुठेतरी अडवलेली असण्याची शक्यता जास्त. हॉस्टेल आणि ऑफिसच्या वायफायवर हे दिसतं, आणि तिथे तुमच्या हातात काही नसतं.

सी किंवा डी आल्यास राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर लॉगिन करून ‘वॅन आयपी’ (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) शोधा. सगळं निदान त्या एका आकड्यात आहे.

तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर घरात दोन राउटर एकामागे एक बसलेत: कंपनीने दिलेला फायबरचा डबा आणि तुम्ही विकत आणलेला राउटर. दोघेही नॅट करतात. तुमच्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाका, म्हणजे तो नॅट सोडून फक्त वायफाय देईल. कंपनीला फोन न करता होणारा हाच उपाय. मोड बदलल्यावर राउटरच्या लॉगिनचा पत्ता बदलू शकतो, तेव्हा घाबरू नका. डबा ब्रिज मोडवर टाकणं (म्हणजे तो नॅट न करता डेटा नुसता पुढे देतो) हा दुसरा मार्ग, पण त्याची सेटिंग्ज बऱ्याचदा कंपनीने कुलूपबंद केलेली असतात.

आकडा १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला असेल तर नॅट कंपनीच्या पातळीवर होतंय. एक सार्वजनिक आयपी अनेक घरांत वाटलाय. भारतात हे सर्रास आहे. मूळ स्विच आयपीव्ही६ (भरपूर पत्ते असलेली नवी आयपी पद्धत) वापरत नाही, त्यामुळे ती पळवाटही नाही. इथे पोर्ट फॉरवर्डिंगचे (राउटरमध्ये ठरावीक वाट हाताने उघडण्याचे) व्हिडिओ बघत रात्र घालवण्यात अर्थ नाही. कंपनीकडे ‘पब्लिक स्टॅटिक आयपीव्ही४’ (फक्त तुमचा, न बदलणारा सार्वजनिक पत्ता) मागा. त्याचे बहुधा वेगळे पैसे पडतात. (१० ने सुरू होणारा वॅन आयपीही खासगीच असतो.)

वॅन आयपी सार्वजनिक आहे आणि तरी डी? मग राउटरमध्ये यूपीएनपी (कन्सोलला हवी ती वाट आपोआप उघडणारी सोय) चालू करा आणि राउटर एकदा बंद-चालू करून पुन्हा टेस्ट घ्या. तरी सुधारलं नाही तर:

१. स्विचच्या इंटरनेट पानावरचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा नेटवर्कवरचा ओळखक्रमांक) लिहून घ्या.
२. राउटरच्या डीएचसीपी रिझर्वेशनमध्ये (ठरावीक यंत्राला आयपी राखून ठेवणारी सेटिंग) त्याला कायमचा आयपी द्या.
३. तोच आयपी डीएमझेडमध्ये (बाहेरून आलेला डेटा न अडवता एका यंत्राकडे सोडणारी सेटिंग) टाका.

लॅन अडॅप्टर (नेटची केबल जोडायचा) लावलात तर मॅक ॲड्रेस बदलतो आणि ही तिन्ही कामं नव्याने करावी लागतात. ‘काल चालत होतं, आज पुन्हा डी’ यामागे बरेचदा हेच असतं. डीएमझेडमध्ये फक्त कन्सोल ठेवा, कॉम्प्युटर कधीही नाही.

नॅट बी, पण शर्यतीच्या मधेच कनेक्शन तुटतं? मग वायफायकडे बघा. डॉक (स्विच टीव्हीला जोडणारा स्टँड) टीव्हीच्या मागे कोंबलेला असतो आणि रेंज तिथेच मरते. डॉक बाहेर काढा. बिल्डिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर गर्दी असेल तर राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव देऊन स्विच त्यावर जोडा. राउटर दोन भिंतींपलीकडे असेल तर मात्र २.४ च बरा, चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी मोकळा बघून. सगळ्यात भरवशाची लॅन केबल: ओलेड मॉडेलच्या डॉकला पोर्ट आहेच, जुन्या डॉकला एएक्स८८१७९ चिपचा यूएसबी अडॅप्टर चालतो.

एमटीयूची (डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) करामत शेवटी. मूळ आकडा १४००. निन्टेन्डो १५०० करून पाहायला सांगते. कनेक्शन पीपीपीओईचं (यूजरनेम-पासवर्डने जोडणारा प्रोटोकॉल) असेल तर १४९२ ठेवा, कारण ८ बाइट त्या प्रोटोकॉललाच लागतात. नॅट डी यातून ए होत नाही.

आणि हातातलं यंत्र निन्टेन्डोचंच जुनं ३डीएस असेल तर यातलं काहीच करू नका. त्याची ऑनलाइन खेळाची सेवा एप्रिल २०२४ मध्येच बंद झाली आहे.