जुना ट्रॅक्टर घेताय? आधी तो कशाला जुंपला होता ते शोधा

जुना ट्रॅक्टर बघायला गेलं की बहुतेक जणांचा पहिला प्रश्न असतो, "मॉडेल कितीचं?" दुसरा, "तास किती झालेत?" माझा पहिला प्रश्न असतो, "दादा, हा चालवला कशाला?"

हा प्रश्न मी पैसे मोजून शिकलो. काही वर्षांपूर्वी आम्ही एक जुना ट्रॅक्टर घेतला. टायर ९० टक्के, क्लचच्या पायडलवरचं रबर नव्यासारखं, स्टेअरिंग घट्ट. पहिल्याच नांगरटीत इंजिनाने धूर ओकायला सुरुवात केली आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, फुफाटा. नंतर कळलं की तो विहिरीच्या कॉम्प्रेसरवर होता. सुरुंगाची भोकं पाडायला एका जागी उभा राहून दिवसभर इंजिन चालायचं. चाकं फिरली नाहीत म्हणून टायर नवे, आणि आतला बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी, मात्र खलास. टायरवरून इंजिनाचं वय ठरवायचं नाही, हे तेव्हा कळलं.

जुन्या ट्रॅक्टरची झीज सगळीकडे सारखी नसते. ऊस वाहतुकीत दोन ट्रॉल्या ओढलेल्याचे ब्रेक, क्लच, वरचे गिअर, क्राऊन-पिनियन (इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे वळवणारी गिअरची जोडी) आणि मागचा हूक झिजतो. भातशेतीत चिखलणी केलेल्याच्या, म्हणजे कोकण, मावळ, भंडारा-गोंदियाकडच्या ट्रॅक्टरच्या, पुढच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये आणि मागच्या सीलमध्ये चिखलपाणी शिरलेलं असतं. लोडर किंवा डोजर बसवून काढून टाकला असेल तर पुढचा एक्सल आणि सांधे ढिले झालेले असतात. नुसती नांगरट, पाळी, पेरणी केलेला घरचा ट्रॅक्टर सगळ्यात बरा, पण तो बाजारात क्वचितच येतो. तो भावकीतच विकला जातो. मालक काय सांगतो ते ऐकून घ्या आणि मग ट्रॅक्टर तेच सांगतोय का ते पुढच्या पायऱ्यांनी ताडून बघा.

जाण्याआधी

फोनवरच दोन गोष्टी सांगा. ट्रॅक्टर धुऊन ठेवू नका आणि आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. धुतलेल्या ट्रॅक्टरवर ऑइलची गळती दिसत नाही आणि गरम इंजिन कोणतंही सुरू होतं. सकाळी लवकर जा. सोबत तुमच्या नेहमीच्या मेस्त्रीला न्या आणि त्याची दिवसाची मजुरी द्या. दलालाने दिलेला मेस्त्री नको. टॉर्च, पांढरं फडकं, जॅक, दोन लाकडी ठोकळे आणि पेन्सिल एवढं पुरतं.

कोणतं मॉडेल घ्यायचं, यावर प्रत्येक पारावर वेगळं मत मिळेल. माझा नियम साधा आहे. ज्याचा मेस्त्री आणि पार्ट तुमच्या तालुक्यात मिळतो, ते मॉडेल. महिंद्रा, स्वराज, मॅसी यांचे जुने पार्ट आजही तालुक्याच्या दुकानात सापडतात. एचएमटी एके काळी दणकट म्हणून नावाजलेला, पण त्याचा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. स्वस्तात मिळाला म्हणून घेणाऱ्याने आधी पार्टच्या दुकानात चक्कर मारून यावी.

थंड इंजिन

गेल्या गेल्या रेडिएटरला आणि इंजिनाच्या ब्लॉकला हात लावा. कोमट लागलं तर समजा, तुम्ही यायच्या आधी कुणीतरी सेल्फ मारलाय. भांडू नका, चहा घ्या, थंड होऊ द्या.

मग रेडिएटरचं झाकण उघडा. हे फक्त थंड असताना. गरम रेडिएटर उघडणाऱ्याचं तोंड भाजतं. पाण्यावर तेलाचा तवंग आहे का बघा. इंजिनाची डिपस्टिक काढून पांढऱ्या फडक्यावर पुसा. काळं ऑइल चालेल, डिझेल इंजिनात ते लवकर काळं होतंच. दुधाच्या चहासारखं दिसलं तर ऑइलमध्ये पाणी आहे. डिझेलचा वास येऊन पातळ लागलं तर पंपातून किंवा नोझलमधून डिझेल आत उतरतंय. मालक तयार असेल तर गिअरबॉक्सचा खालचा प्लग एक-दोन आटे ढिला करा. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरमध्ये पाणी तळाला बसतं, म्हणून ऑइलच्या आधी पाण्याचे थेंब आले तर ते बरेच दिवस आत आहे. चिखलणीच्या ट्रॅक्टरला ही तपासणी चुकवू नका.

एक फेरी

ट्रॅक्टरभोवती सावकाश फिरा. रंग नवा असला की मला आनंद होत नाही, शंका येते. बोनेट रंगवलं तर ठीक, पण इंजिनाचा ब्लॉक, क्लच हाउसिंग आणि गिअरबॉक्सचे सांधे ताज्या रंगाने माखलेले असतील तर त्याखाली वेल्डिंग किंवा तडा असू शकतो. क्लच हाउसिंगच्या बोल्टजवळ आणि पुढच्या एक्सलच्या ब्रॅकेटवर टॉर्च मारा. अंगावर विनाकारण पाडलेली भोकं किंवा जादा बोल्ट दिसले तर तिथे कधीतरी लोडर होता.

मागचा हूक बघा. पिन ज्या भोकात बसते ते गोल राहिलंय की लांबट झालंय? लांबट झालेल्या भोकाने ट्रॉल्या ओढल्यात, मालक काहीही म्हणो. टायरवर चार आकडी तारीख कोरलेली असते. २३१७ म्हणजे २०१७ सालचा २३ वा आठवडा. गुटके (टायरवरचे उंचवटे) चांगले पण कडेला भेगा असतील तर टायर उन्हाने वाळलाय. ट्रॅक्टर २००८ चा आणि मागचे टायर गेल्या वर्षीचे असतील तर त्यात वाईट काही नाही, फक्त टायरकडे बघून किंमत लावू नका.

वायरिंगकडेही नजर टाका. टेप, चार स्पीकर, रंगीत दिव्यांच्या माळा लावायचा एक काळ प्रत्येक ट्रॅक्टरवर येऊन गेलेला असतो. ते सगळं काढल्यावर उरलेले जोड डायनामो आणि बॅटरीला त्रास देतात. पण हा खर्च किरकोळ, यावरून व्यवहार मोडू नका.

सुरू करा आणि ऐका

रेडिएटरचं झाकण काढलेलंच ठेवून सेल्फ मारा. थंड इंजिनाने दोन-तीन सेकंदांत पकड घेतली तर कॉम्प्रेशन बरं आहे. पाण्यात एकसारखे बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) गेलंय किंवा हेडला तडा आहे. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर थंडीत चालतो. गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर काळजी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. लोडवर काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर क्लीनर तुंबलाय, नोझल गेलेत किंवा पंपाचं कॅलिब्रेशन बिघडलंय. यातला काळा धूर सगळ्यात स्वस्तात सुटतो.

इंजिन चांगलं तापू द्या. मग हळू चालू असताना ऑइलच्या प्रेशरचा काटा बघा. गरम झाल्यावर तो तळाला बसत असेल तर क्रँकची बेअरिंग झिजलेली असू शकतात. ऑइल भरायचं झाकण ढिलं करून बघा, ब्रीदरजवळ हात धरा. फुसफुस थोडी असतेच. पण झाकण उडवणारी वाफ आणि धूर असेल तर त्यालाच मेस्त्री लोक "बॅक कॉम्प्रेशन मारतंय" म्हणतात. म्हणजे लायनर, पिस्टन, रिंगा झिजल्यात. हे काम निघालं तर किंमत त्या हिशेबानेच बोला. आम्ही आमच्या वेळी हेच एक बघितलं नव्हतं.

क्लच, गिअर, ब्रेक

मोकळी जागा बघा, पुढे कुणी नको. वरचा गिअर टाका, ब्रेक दाबून धरा आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच पकडतोय. इंजिन चालूच राहिलं आणि ट्रॅक्टर जागचा हलला नाही, तर प्लेट घसरतेय. क्लच प्लेटचं काम काढायचं तर ट्रॅक्टर मधोमध उघडावा लागतो, हे लक्षात ठेवून भाव करा.

सगळे गिअर पुढे आणि मागे टाकून चालवा. उतारावर वरच्या गिअरमध्ये आणून पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. गिअर निसटून न्यूट्रलला आला तर गिअरचे दात किंवा गिअर सरकवणारे फोर्क झिजलेत. ऊस वाहतुकीतल्या ट्रॅक्टरची ही खास खूण. मागच्या गिअरच्या घरातून कर्र आवाज आला तर क्राऊन-पिनियनवर शंका घ्या.

ब्रेक आधी वेगवेगळे तपासा. डावा दाबल्यावर डावीकडे, उजवा दाबल्यावर उजवीकडे ट्रॅक्टर झपकन वळायला हवा. मग दोन्ही पायडल जोडून सरळ थांबतोय का बघा. जुन्या ट्रॅक्टरला बहुतेक कोरडे डिस्क ब्रेक असतात. मागच्या एक्सलचं सील गेलं की ऑइल त्यांच्यावर येतं आणि ब्रेक लागत नाहीत. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओघळ असेल तर कारण हेच.

स्टेअरिंग दोन्ही बाजूंना हलवून बघा. चाक हलायच्या आधी ते तीन-चार बोटांपेक्षा जास्त फिरत असेल तर ते रस्त्यावर तुम्हाला कंटाळा आणेल. पुढचा एक्सल जॅकवर घ्या, खाली ठोकळे लावा आणि चाक वर-खाली हलवा. खटखट झाली तर बेअरिंग किंवा किंगपिनचा (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खुंट्याचा) बुश. डावी-उजवी हलवल्यावर झाली तर टायरॉडचे बॉल जॉइंट. बॉल जॉइंट बदलणं सोपं. किंगपिनची जागाच घासली असेल तर लेथचं काम निघतं.

लिफ्ट आणि पीटीओ

रिकामी लिफ्ट वर-खाली करून दाखवणं हा जुना खेळ आहे. रिकामी लिफ्ट कुणाचीही उठते. पलटी नांगर किंवा रोटाव्हेटर जोडा आणि अर्धा तास ट्रॅक्टर चालवून ऑइल गरम झाल्यावर उचला. ऑइल पातळ झालं की आतल्या गळत्या उघड्या पडतात. नांगर वर धरून इंजिन बंद करा आणि जमिनीपासून नांगरापर्यंत काडीने माप घ्या. दहा मिनिटांत थोडा खाली आला तर चालेल, सरसर खाली आला तर नाही. इंजिन चालू असताना लिफ्ट वर धरलेल्या जागीच हिसके देत असेल तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय.

पीटीओ, म्हणजे रोटाव्हेटरसारखी अवजारं फिरवणारा मागचा दांडा, टाकून फिरतोय का आणि काढल्यावर थांबतोय का एवढंच बघा. ठरलेल्या आरपीएमवर तो मिनिटाला ५४० फेरे घेतो; धोतर, उपरणं, ओढणी घेऊन कुणालाही जवळ उभं राहू देऊ नका.

शेवटी भरलेली ट्रॉली किंवा नांगर लावून निदान अर्धा तास काम करून बघा. मालक म्हणाला, "पाव्हणं, डिझेल कोण देणार?" तर तुम्ही द्या. याहून स्वस्त तपासणी नाही.

कागद

ट्रॅक्टर पसंत पडला तरी विसार देण्याआधी कागद हातात घ्या. आरसीवरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर ट्रॅक्टरवरच्या ठोकलेल्या नंबरशी स्वतः जुळवा. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा उमटतो. नंबरची जागा घासलेली, पुन्हा ठोकलेली वाटली तर तिथूनच परत फिरा. इंजिन बदललेलं असेल आणि त्याची नोंद आरसीत नसेल तर तुमच्या नावावर करताना अडकतं.

आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा आहे का बघा. एमपरिवहन ॲपवरही गाडीचा नंबर टाकून ते कळतं. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा सहीचा फॉर्म ३५ लागतो. "फिटलंय, कागद नंतर देतो" यावर एक रुपया देऊ नका. फायनान्सने ओढून आणलेला ट्रॅक्टर लिलावात घेत असाल तर त्यांचे कागद पूर्ण असल्याशिवाय बोली लावू नका. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तिचे कागद वेगळे मागा.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या घ्या. परराज्यातला ट्रॅक्टर असेल तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसीही लागते. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. जुन्या ट्रॅक्टरची मुदत संपलीय का, हे बघितलंच पाहिजे, कारण तो खर्च आणि ते हेलपाटे तुमच्या वाट्याला येतात.

स्टॅम्पपेपरवर करार करून ट्रॅक्टर वर्षानुवर्षं जुन्या नावावरच चालवायची आपल्याकडे सवय आहे. राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विकणारा टाळाटाळ करू लागला तर त्याला एक गोष्ट सांगा. अपघाताची भरपाई नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. हे ऐकल्यावर सही लवकर होते.

भाव आणि घरी आणल्यावर

बघताना सापडलेल्या प्रत्येक खोटीचा खर्च मेस्त्रीकडून बाजूला घेऊन विचारा, मालकासमोर नाही. मग बेरीज करून एकदाच बोला. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा या दिवसांत लोक नवा ट्रॅक्टर घेताना जुना एक्स्चेंजला देतात, म्हणून तेव्हा बाजारात माल जास्त असतो. जूनच्या तोंडावर ज्याला पेरणीची घाई असते त्याचा भाव दलाल ठरवतो.

ताबा घेताना तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या करा, आणि थर्ड पार्टी विमा चालू असल्याशिवाय रस्त्यावर आणू नका.

घरी आणल्यावर इंजिन, गिअरबॉक्स आणि स्टेअरिंगचं ऑइल, सगळे फिल्टर त्याच आठवड्यात बदला. गिअरबॉक्सचं ऑइल काढताना प्लगखाली पांढरं फडकं धरा. बारीक करडी भुकटी चिकटली तर तेवढं जुन्या गिअरबॉक्सला असतंच. पण बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे सापडले तर नांगर जोडायच्या आधी मेस्त्रीला बोलवा.