आधी पाणी, मग बटण: प्रेशर वॉशर सुरू करण्यापूर्वी

हंगाम उरकला की नांगर, रोटाव्हेटर, मळणी यंत्र, ट्रॉली धुऊन-पुसून ठेवायचे दिवस येतात, आणि महिनोन् महिने कोपऱ्यात पडलेला प्रेशर वॉशर, म्हणजे पंपाच्या दाबाने पाण्याची जोरदार धार मारणारं यंत्र, बाहेर निघतो. घाई होते ती इथेच. नळी जोडली, बटण दाबलं आणि पंप कोरडाच फिरला. पंपातल्या गळती रोखणाऱ्या सीलना ओलावा आणि गारवा मिळतो तो आतून वाहणाऱ्या पाण्यातूनच. पाण्याविना पंप थोडा वेळ जरी फिरला तरी सील तापतात, झिजतात, आणि मग दाब धरत नाहीत.

म्हणून सुरुवात पाण्यापासून करा. यंत्रावरच्या पट्टीवर ते मिनिटाला किती लिटर पाणी घेतं ते लिहिलेलं असतं. समजा, १० लिटर आहे. नळाखाली २० लिटरची बादली लावा आणि घड्याळ बघा. ती दीड मिनिटाच्या आत भरली तर पाणी पुरेसं आहे. दोन मिनिटांहून जास्त वेळ लागला तर पंप पाण्यासाठी आसुसणार, हवा ओढणार आणि धार तुटत राहणार. अशा वेळी जाड आणि आखूड नळी वापरा. नळी पूर्ण उलगडा, कुठे पीळ किंवा मुडप राहू देऊ नका. पाणी येतं तिथली जाळी काढून धुवा, कारण कमी दाबाच्या अनेक तक्रारी गाळाने भरलेल्या या जाळीपाशीच सुटतात. टाकीतून पाणी ओढायचं असेल तर तुमच्या यंत्राला ते चालतं का, हे माहितीपुस्तिकेत आधी बघा. सगळ्यांना चालत नाही.

आता हवा काढायची. नोझल, म्हणजे गनच्या टोकाला बसणारं धारेचं तोंड, अजून लावू नका. नळ पूर्ण उघडा, मोटर बंदच ठेवा आणि गनचा ट्रिगर दाबून धरा. सुरुवातीला फुरफुर करत, थांबत-थांबत पाणी येईल. बुडबुडे संपून सलग धार लागेपर्यंत ट्रिगर सोडू नका. पंपाने हवा धरलेली असताना मोटर चालू केली की ठोके ऐकू येतात आणि गन हातात थरथरते. एवढं झालं की ट्रिगर सोडून नोझल बसवा, ओढून घट्ट बसल्याची खात्री करा आणि ट्रिगर दाबूनच यंत्र सुरू करा. दोरी ओढून सुरू होणाऱ्या इंजिनाला तर हे हवंच. आत दाब अडकला असेल तर दोरी हाताला झटका देते.

इंजिन असेल तर ऑइल तपासा आणि ते बंद शेडमध्ये चालवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो. विजेवरच्या यंत्राला अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर हवा. जोडवायर लांब आणि बारीक असली की व्होल्टेज पडतं, मोटर तापते. वायरचा जोड ओल्या जमिनीवर ठेवू नका.

नोझलचे रंग बहुतेक ठिकाणी सारखेच असतात आणि धार किती अंशांत पसरते ते सांगतात: लाल शून्य अंश, पिवळा १५, हिरवा २५, पांढरा ४० आणि काळा साबणासाठी. अवजारांना हिरवा किंवा पांढरा पुरतो. लाल नोझलची सुईसारखी धार मला शेतीकामात कुठेच गरजेची वाटत नाही. बेअरिंग, ऑइल सील, रेडिएटरच्या पाकळ्या, वायरिंग आणि एअर फिल्टरवर थेट धार मारू नका. टायरपासून किमान ३० सेंटिमीटर लांब राहा.

चष्मा आणि बंद बूट घाला. धार कातडीत घुसली तर वरून टाचणीएवढंच भोक दिसतं, आत मात्र पाणी आणि घाण दूरवर पसरलेली असते. दुखत नसलं तरी त्याच क्षणी दवाखाना गाठा आणि जखम दाबाच्या धारेने झाली आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

मध्ये बोलायला थांबलात तर यंत्र बंद करा. ट्रिगर सोडून मोटर चालूच ठेवली की पंपात तेच पाणी फिरून तापत राहतं. काम संपल्यावर आधी मोटर, मग नळ बंद करा, ट्रिगर दाबून उरलेला दाब सोडा आणि गनची कडी लावा. फवारणीचं साहित्य धुतलं असेल तर ते पाणी विहीर, ओढा आणि गुरांच्या हौदाकडे जाणार नाही अशीच जागा आधीपासून निवडा.